कपाट नंबर दोनचा ताळमेळ

३ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंनी आज बोलावून माझ्या हातात एक टॅब्लेट आणि एक स्कॅनर दिला. म्हणाल्या, "तीन महिने तुझ्या वॉर्डात करून बघायचं. जमलं तर सगळ्या हॉस्पिटलात." मीच का, तर मी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय म्हणून. तो कोर्स अकरा वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातलं मला फक्त पत्र टाइप करणं आठवतंय, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. अडचणींची एक वही ठेव, असंही म्हणाल्या. ती ठेवीनच. पण तिच्यात सगळंच लिहिता येणार नाही, म्हणून ही दुसरी.

काम सोपं वाटतं. वॉर्डात दोन कपाटं. पहिल्यात सिरिंजा, सुया, सलाईन, कॅथेटर. दुसऱ्यात ड्रेसिंगचं सामान. प्रत्येक वस्तूवर काळ्या रेघांचं स्टिकर. वस्तू काढली की स्कॅनर लावायचा, टिक वाजतं, मग कोणत्या बेडसाठी काढली तो नंबर टाकायचा. स्क्रीनवरचा आकडा आपोआप कमी होतो. फार खाली आला की स्टोअरला आपोआप मागणी जाते. शनिवारी मी हाताने मोजून ताळा करायचा.

ताईंना दाखवलं. ताई म्हणजे आमच्या सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. चौदा वर्षांपूर्वी मला पहिलं ड्रेसिंग त्यांनीच शिकवलं, माझा हात धरून. कपाट उघडलं की नुसत्या नजरेनं त्या सांगतात, गॉज उद्या दुपारपर्यंत पुरेल. स्कॅनर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "हे पिस्तूल माझ्यावर नाही ना रोखणार?" सगळ्या हसल्या. दुपारपर्यंत त्याचं नाव पिस्तूलच पडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस नुसती मोजणी. मदतीला मावशी. मावशी वॉर्डातली सफाई, पेशंटची उठबस, चादरी, सगळं बघतात. कंत्राटावर आहेत, पण नऊ वर्षं याच वॉर्डात. त्या खोकी काढून देत होत्या, मी टिक टिक करत होते. पहिल्या कपाटाच्या तळाशी कॅथेटरची सहा खोकी निघाली, तारीख उलटून दीड वर्ष झालेली. ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "माझ्या डोळ्यादेखत पडून राहिली." मला वाईट वाटलं आणि आतून थोडं बरंही वाटलं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

घरी सासऱ्यांना सगळं सविस्तर सांगावं लागलं. ते कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. मी लग्न करून आले तेव्हापासून माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. आज जेवण गार होईपर्यंत विचारत होते. नवरा म्हणाला, "आप्पांना आता सून मिळाली."

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिला खरा ताळा. पहिलं कपाट तंतोतंत. दुसऱ्यात फोम ड्रेसिंग तीन कमी.

फोम म्हणजे स्पंजासारखी जाड पट्टी. जखमेतलं पाणी शोषते, आठवड्याला आठ-दहाच मिळतात, म्हणून मधुमेहाच्या जखमांसाठी राखून ठेवलेली. सध्या तसा एकच पेशंट आहे आणि त्याची प्रत्येक पट्टी मी स्वतः टिक केली आहे.

ताई म्हणाल्या, "घाईत कुणाचं तरी टिक करायचं राहिलं असेल. एवढं काय त्यात." मी म्हटलं, घाईत गॉज राहील, फोम नाही राहत. त्यांनी कपाट लावून घेतलं. मला वाटतं जुन्या लोकांना हे आवडत नाही, दुसरं काही नाही. परवाही म्हणत होत्या, बेड नंबर टाकायची सक्ती काढून टाक म्हणून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई गेले काही दिवस डॉक्टरांच्या राउंडला मला पुढे करतात. स्वतः टेबलाशी बसून केसपेपर लिहितात. पूर्वी त्यांना खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या रिटायर होतात, त्याआधी मला तयार करायचं असणार. कुणी स्पष्ट बोलत नाही, पण कळतं. घरी येताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

त्यांनी नवे बूटही घेतलेत. काळे, रुंद, पुरुषांचे असतात तसे. मी चिडवलं तर म्हणाल्या, "या वयात पायांचे लाड करावेत."

२२ फेब्रुवारी, शनिवार

या आठवड्यात रोज दुपारी मोजलं, कुणाला न सांगता. सोमवारी एक फोम कमी. बुधवारी एक. शुक्रवारी एक. सोबत दर वेळी गॉजचं एक पाकीट, आणि आठवड्यात एक रोलर बँडेज. म्हणजे ही विसरभोळेपणाची गोष्ट नाही. कुणीतरी एक दिवसाआड नेतंय.

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "बाजारात विकायला नेणारा एकदम खोकं उचलतो. एक-एक नेणाऱ्याला ती वस्तू लागत असते." मला ते पटलं, पण त्याने माझं काम कसं सोपं होतं ते कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सातला पोचले. लिननच्या खोलीचं दार आतून लावलेलं. टकटक केल्यावर बऱ्याच वेळाने मावशींनी उघडलं. आत ताई स्टुलावर बसलेल्या. म्हणाल्या, "चादरी मोजतोय." मी म्हटलं, मला सांगायचं, पिस्तूल आणते. "चादरींना नको पिस्तूल," म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला लागलं. चौदा वर्षं सकाळचा चहा आम्ही दोघी बरोबर घ्यायचो, माझा साखरेचा, त्यांचा बिनसाखरेचा. हल्ली त्या मावशींबरोबर चादरी मोजतात. आणि माझी टिक टिक सुरू झाल्यापासून बाकीच्या सिस्टरही मी आले की बोलणं थांबवतात. मी काय कुणाचं घर जाळलंय?

१ मार्च, शनिवार

कागदावर तक्ता केला. ज्या-ज्या दिवशी फोम गेला, त्या-त्या सकाळी ड्यूटीवर कोण होतं. सिस्टर बदलत होत्या. वॉर्डबॉय दोन दिवस रजेवर होता. सगळ्या दिवशी हजर अशा फक्त मावशी. तशा ताईही रोज असतात, पण त्या इन्चार्ज, त्यांना काही या तक्त्यात घालायचं नसतं.

मग आठवलं, मावशींच्या नवऱ्याला शुगर आहे. मागच्या वर्षी त्या रजा मागताना म्हणाल्या होत्या. सगळं जुळलं. जुळल्यावर आनंद व्हायला हवा होता, पण मी तक्ता चार घड्या करून पर्सच्या तळाशी ठेवला.

३ मार्च, सोमवार

मावशींना बाजूला घेऊन विचारलं. दुसऱ्या कपाटातून फोमच्या पट्ट्या कमी होताहेत, तुम्हाला काही माहीत आहे का.

"मी नेल्या असं म्हणायचंय का तुम्हाला, सिस्टर?"

"मी फक्त विचारतेय."

"विचारलंत. मी ऐकलं." आणि बादली उचलून गेल्या.

निर्दोष माणूस असं बोलत नाही. निर्दोष माणूस भांडतो.

४ मार्च, मंगळवार

ताईंना सगळं सांगितलं, तक्ता दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, "किती कमी आहेत ते रिपोर्टात लिही. नाव घालू नकोस."

"मग ते माझ्यावर येईल, ताई. कपाट माझ्या नावावर आहे."

"मला दोन दिवस दे."

दिले. दोन दिवसांत मावशींशी बोलून त्या मिटवतील.

७ मार्च, शुक्रवार

काही मिटलं नाही. ताई आजपासून तापाने घरी. फोन केला तर म्हणाल्या, साधा ताप आहे, येऊ नकोस.

मेट्रनबाईंनी महिन्याचा रिपोर्ट वाचला. "नऊ फोम कमी. कोण?" मी म्हटलं, खात्री नाही. "तक्ता तर केलायस असं ऐकलं." मी दाखवला. त्या म्हणाल्या, "मग खात्री आणखी कशाला म्हणतात?" त्यांनी माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, खाली सही. संध्याकाळी कंत्राटदाराच्या मुकादमाने मावशींची बदली लाँड्रीत केली. गेटवर रोज बॅग तपासायची म्हणे.

जाताना मावशी माझ्याजवळ थांबल्या. काही बोलणार असं वाटलं. मग म्हणाल्या, "ताई कामावर आल्या की मला निरोप द्या," आणि गेल्या. ताईंकडून माझी तक्रार करायची असणार. मी निरोप देणार नाही.

१२ मार्च, बुधवार

शनिवारपासून एकही फोम कमी नाही. एकही गॉज नाही. पाच दिवस स्क्रीन आणि कपाट अगदी सारखं. मेट्रनबाईंनी मीटिंगमध्ये सगळ्या इन्चार्जसमोर माझं नाव घेतलं. कॉम्प्युटर कंपनीच्या माणसाने माझा फोटो काढला, टॅब्लेट हातात धरून.

ताई सोमवारी आल्या. फार उतरल्यात. उन्हाळा सुरू झालाय आणि या स्वेटर घालून बसतात. मी पाच दिवसांचा ताळा दाखवला तर म्हणाल्या, "छान आहे." मावशींबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनाही शेवटी पटलं असावं.

टेबलापाशी कसलातरी वास येतोय. उंदीर मेला असेल म्हणून वॉर्डबॉयला दोन्ही कपाटं ओढून मागे बघायला लावलं. काही सापडलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

नीट लिहायचा प्रयत्न करते.

दुपारी एकला मावशी लाँड्रीतून जेवणाच्या सुट्टीत वर आल्या. ओल्या साडीनेच. मला म्हणाल्या, "तुम्ही निरोप दिला नाहीत."

मी म्हटलं, "ताईंना मध्ये पाडून काही होणार नाही, मावशी."

"सिस्टर, त्यांचं ड्रेसिंग सात दिवस कुणी केलेलं नाही."

"कुणाचं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कीव आल्यासारख्या. "त्यांना तळपाय दिसत नाही. वाकता येत नाही एवढं. मी करायचे, लिननच्या खोलीत. तुमचं बघून-बघून शिकले. त्यांनी शपथ घातली होती, म्हणून गप्प बसले. आता खाली कुणीतरी म्हणालं, ताईंच्या अंगाला वास येतो. मग कसली शपथ."

ताई टेबलाशी होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. त्यांनी पाय मागे घेतला. मी म्हटलं, "ताई, पाय द्या." आम्ही पेशंटशी बोलतो त्या आवाजात बोलले बहुतेक. त्यांनी दिला.

मोजा चिकटला होता. सलाईनच्या पाण्याने भिजवून काढला. अंगठ्याच्या मागे, तळव्याला, रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. शेजारचं बोट मुळापर्यंत काळं. पावलाच्या वरपर्यंत लाली. त्यांना काही दुखत नव्हतं. शुगरच्या पायाला दुखत नाही, हे मला शाळकरी मुलीसारखं त्यांनीच पाठ करायला लावलं होतं.

"किती दिवस?"

"जानेवारी."

अंगात एकशे दोन ताप. चारच्या आत त्यांना बेड नंबर सोळावर घेतलं. सर्जननी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आणखी दोन दिवसांनी आला असतात तर मी पाय काढण्याबद्दल बोललो असतो."

सात दिवस. माझे पाच दिवस स्क्रीन आणि कपाट अगदी सारखं.

१५ मार्च, शनिवार

सकाळी ऑपरेशन झालं. बोट काढलं, जखम साफ केली. पाऊल वाचेल म्हणतात. आज ताळा केला नाही.

१७ मार्च, सोमवार

ताई बोलायला लागल्या. मी विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलंच, मला का नाही सांगितलंत.

"सांगितलं असतं तर टिक केलं असतंस."

"हो. आणि डॉक्टरांना दाखवलं असतं."

"तेच." पायावरची चादर सारखी करत म्हणाल्या, "दाखवलं की रजा. रजा लांबली की मेडिकल बोर्ड. मेडिकल वॉर्डातल्या त्या सिस्टर आठवतात ना? गुडघे गेले म्हणून रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. खिडकी नाही त्या खोलीला. सहा महिन्यांत घरी बसल्या. घरी कुणी असतं तर गोष्ट वेगळी. मला तर वॉर्डाशिवाय सकाळी उठून जायचं कुठे हेच माहीत नाही." भिंतीकडे तोंड करून पुढे म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी लोकांवर ओरडले, पाय दाखवा, लपवू नका म्हणून. कुठल्या तोंडाने दाखवायचा होता? आणि तू तक्ता घेऊन आलीस तेव्हा सांगणारच होते. दोन दिवस त्यासाठीच मागितले. मग ताप आला आणि बरंच झालं वाटलं. मावशीला लाँड्रीत घातलं हे कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही. तुझं जे चुकलं ते तू बघ, पण हे माझं आहे."

मी त्यांचं ड्रेसिंग केलं. त्यांनी दोनदा चूक काढली, मी दोनदा पट्टी सोडून पुन्हा बांधली.

१८ मार्च, मंगळवार

मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, मावशींबद्दल जे लिहून दिलं ते चुकीचं होतं, तसं मला लेखी द्यायचंय. त्या म्हणाल्या, "तोंडी सांगितलंस, झालं. मी मुकादमाला फोन करते. लेखी दिलंस तर तुझ्या फाइलला लागेल."

मी म्हटलं, "त्यांच्यावर आळ लेखी घेतला होता."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी लिहीत असताना खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मीही विचारलं नव्हतं गं, की ती पट्टी कुणाला लागत असेल." एवढ्या वर्षांत त्यांनी मला 'गं' म्हटलेलं मला आठवत नाही.

२० मार्च, गुरुवार

मावशी वॉर्डात परत. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांनी ती पुरी होऊ दिली नाहीत.

"दहा दिवस गेटवर माझी बॅग उघडत होते, सिस्टर. सगळ्यांच्या देखत. आत असायचा डबा आणि ओली साडी. माझी सून त्याच गेटने कामाला जाते. तिने विचारलं, आई, काय केलंत?"

मी हातातला टॅब्लेट खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत असू दे. बाकी काही नाही." आणि बेड नंबर चारची चादर बदलायला गेल्या. मी दुसऱ्या बाजूने चादर धरली. त्यांनी धरू दिली. मनातलं गेलं असं मी समजत नाही.

३१ मार्च, सोमवार

कॉम्प्युटर कंपनीचा माणूस आला होता. मी म्हटलं, ते नऊ फोम मला बरोबर नोंदवायचेत, ते चोरीला गेलेले नाहीत, वापरले गेलेत. कुणासाठी, म्हणाला. स्टाफसाठी. "तसा पर्यायच नाही. सामान एक तर बेडला जातं, नाही तर खराब म्हणून जातं. स्टाफ म्हणजे काय?"

मी त्याला खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. नाव न घेता. तो पंचविशीचा मुलगा, टाय लावलेला. ऐकून म्हणाला, त्याची आई शिवणकाम करते आणि बोटाला सुई लागली की तोंडात बोट घालून पुढे शिवते. चार दिवसांत पर्याय तयार करून देतो, म्हणाला. मेट्रनबाईंनी परवानगी दिली, एका अटीवर. नोंद झाली की त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायचं, आणि दर महिन्याला फक्त आकडा वर जाईल, नाव नाही.

९ एप्रिल, बुधवार

'कर्मचारी' हे बटण आल्यावर चार दिवस कुणी दाबलं नाही. मला वाटलं फुकट गेलं. काल बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर जिना चढून आली, इकडचं-तिकडचं बोलत बसली, आणि उठता उठता म्हणाली, पोटरीवर एक जखम आहे, पाच महिने भरत नाही. आज दोघी आल्या. एकीच्या मनगटाला पट्टा हवा होता, एकीला कंबरेचा. लिफ्टवालाही डोकावून गेला.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "आमच्या स्टोअरमध्ये असं खातं नव्हतं." मग उजव्या हाताचं अर्धं बोट चोळत बसले. ते मशीनमध्ये गेलं एवढंच मला माहीत होतं. कधी, कसं, हे मी आज पहिल्यांदा विचारलं.

२३ एप्रिल, बुधवार

ताई बोर्डासमोर जाऊन आल्या. वॉर्ड गेला. पण रेकॉर्डची खोली नाही. सर्जननी चिठ्ठी दिली होती. ओपीडीत मधुमेहाच्या पेशंटचे पाय बघायला बसायचं, खुर्चीवर, मोठ्या खिडकीपाशी. परवा सोमवारपासून बसायलाही लागल्या. पहिल्याच दिवशी एका आजोबांना म्हणे दम भरला, मोजा काढा नाही तर मी माझा काढून दाखवते.

कपाटांच्या किल्ल्या आता माझ्याकडे. ज्या गोष्टीसाठी बसमध्ये हसत होते ती अशी आली.

३० एप्रिल, बुधवार

तीन महिने पुरे. पुढच्या आठवड्यात सगळ्या वॉर्डांत टॅब्लेट येणार.

दुपारी मी शेवटचा ताळा करत होते. मावशी फडकं घेऊन कपाट पुसत होत्या, तेच दार पुन्हा पुन्हा. मग विचारलं, "ते कर्मचारी आहे ना तुमचं. त्यात मी बसते का?"

"काय झालंय?"

फडकं खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात उपडे केले, मग उताणे. फिनेल आणि ब्लीचने बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलून निघाली होती. डाव्या तळव्याला दोन भेगा, आत लाल. मी रोज या हातांतून चहा घेते.

मी त्यांना स्टुलावर बसवलं. हात धुतले, मलम लावलं, गॉज ठेवलं, वरून बँडेज. त्या सगळं बारकाईने बघत होत्या, कुठे चुकते का ते बघावं तसं. हातमोज्यांचं एक खोकं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग एकेक वस्तू टिक केली आणि 'कर्मचारी' दाबलं. स्क्रीनने कर्मचारी क्रमांक मागितला.

मावशी कंत्राटाच्या. त्यांना क्रमांक नाही. शून्य टाकून पाहिलं, घेत नाही. मोकळं ठेवून पाहिलं, घेत नाही.

"राहू दे, सिस्टर," म्हणत त्या उठायला लागल्या.

"बसा," म्हटलं, आणि माझा क्रमांक टाकला. घेतला.

अटीप्रमाणे संध्याकाळी डॉक्टरांना त्यांचे हात दाखवले. परवा परत बोलावलंय, ड्रेसिंग बदलायला. तेव्हाही माझाच टाकीन. त्यांना क्रमांक मिळावा म्हणून अर्ज लिहिलाय, उद्या मेट्रनबाईंना देणार. तोवर कुणी क्रमांक बघून विचारलंच, की या एकाच सिस्टरच्या हातांना एवढं झालंय तरी काय, तर विचारणाऱ्याला वॉर्डात घेऊन येईन, मावशींचे हात बघायला.